बारगीर, बर्गी आणि झाडा

'मानवी हक्कांची पायमल्ली' हे शब्द वर्तमानपत्रात इतक्या वेळा येतात की त्यातला पाय आता कुणाला दिसत नाही. फारसीत 'पायमाल' म्हणजे पायाखाली चोळलेलं. 'पाय' तिथंही पायच. 'माल' आला तो चोळणं या अर्थाच्या 'मालीदन' या क्रियापदातून, आणि आपला 'मालिश'ही त्याच क्रियापदाचा. मराठेशाहीच्या कागदांत पायमल्लीला अगदी नेमका अर्थ होता. फौज आली, घोडी-बैल-उंट उभ्या पिकातून गेले, ज्वारीचा चोळामोळा झाला, की ती पायमल्ली. मग गावानं गाऱ्हाणं घालायचं, पाहणी व्हायची, साऱ्यात सूट मागायची. तेव्हा तुडवलं जाई ते पीक. हक्क हा शब्द त्याच्या जोडीला पुष्कळ नंतर आला.

आमच्या नरखेड तालुक्यात पीक तुडवलं जाणं ही आजही रोजची गोष्ट आहे. 'डुकरायनं पराटी तुडवली' हे वाक्य थंडीत कोणत्याही पारावर ऐकू येतं. रोही आले, रानडुकरं आली, संत्र्याची नवी लावण मोडली. तलाठी येतो, पंचनामा होतो. पण दोनशे वर्षांपूर्वी याच काळ्या रानातून माणसांच्या फौजा जायच्या, आणि पायमल्ली हा शब्द तेव्हाचा आहे, हे ध्यानात घेतलं की वर्तमानपत्रातला तो घासलेला शब्द पुन्हा टोचू लागतो. युद्धातल्या अत्याचाराबद्दल बोलताना आपण मराठीत जे शब्द वापरतो, त्यांतले कितीतरी असेच छावणीतून किंवा छावणीच्या वाटेवरच्या शेतातून आलेले आहेत. ते नीट वाचले तर एक गोष्ट स्वच्छ दिसते: शिपाई काय करतो हे बरंचसं त्याच्या सरदारानं आधी काय केलं यावर ठरतं.

फौज पीक का तुडवते? पहिलं कारण भूक. माणसाची आणि त्याहून जास्त घोड्याची. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र राजवाड्यांच्या साधनांमुळे आपल्याला ठाऊक आहे. राज्याभिषेकाच्या आसपासचा काळ, पावसाळा तोंडावर, पागेचा मुक्काम चिपळूणजवळ. महाराज सांगतात की साठवलेला दाणा आणि वैरण जपून पुरवा. आज उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुमची माणसं कुणब्याच्या घरातून दाणा, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील. तसं झालं तर रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. त्याच पत्रात उंदीर दिव्याची वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंतचा इशारा आहे. या पत्राचं कौतुक बहुधा महाराजांच्या दयाळूपणाचं म्हणून होतं. मला त्यातला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. 'लुटू नका' असं सांगून ते थांबत नाहीत. लूट कुठून सुरू होते ते दाखवतात, आणि ती सुरू होते वैरणीच्या कोठारापाशी.

आणखी एक. पत्र शिपायांना लिहिलेलंच नाही. ते आहे जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना. यातला 'हवालदार' पाहा. अरबी 'हवाला' म्हणजे सोपवणूक. आपण 'पोलिसांच्या हवाली केलं' म्हणतो तो हाच. हवालदार म्हणजे ज्याच्याकडे काही सोपवलेलं आहे तो. सभासदाच्या बखरीत (ती १६९७ची, जिंजीला लिहिलेली) पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पंचवीस माणसं आणि पंचवीस घोडी ज्याच्या हवाली आहेत, त्यांनी वाटेत काय केलं याचं उत्तरही त्यानंच द्यायचं. 'जबाबदार' या शब्दाचा अर्थही तोच, जबाब बाळगणारा.

सभासद पुढे जे सांगतो ते कायद्याच्या आजच्या विद्यार्थ्यांनी वाचायला हवं. दसरा झाला की लष्कर छावणीतून बाहेर पडायचं. निघताना लहानथोर सगळ्यांच्या बिशादीची यादी करायची. बिशाद म्हणजे जवळची चीजवस्तू. मूळ अरबी 'बिसात', अंथरलेलं कापड, त्यावर मांडलेला माल. माल म्हणजे ऐपत, ऐपत म्हणजे हिंमत, असं करत आपण 'कुणाची बिशाद आहे!' इथं येऊन पोचलो. तर वैशाखात लष्कर परतलं की सगळ्यांचा झाडा घ्यायचा, म्हणजे झडती घेऊन जुन्या यादीशी ताडून पाहायचं. जास्त निघेल ते त्या माणसाच्या हिशेबात धरायचं. परमुलखात बायका-पोरं धरायची नाहीत, गाय धरायची नाही, हे नियमही सभासदानं दिलेले आहेत. नियम पुष्कळ राजांनी केले. पण परत आल्यावर प्रत्येकाची वळकटी उघडून पाहायची व्यवस्था ज्यानं केली, त्याला नियमाची किंमत कळलेली होती.

'शिस्त' हा शब्दही हत्यारांच्या जगातला. आज आपण शाळेतल्या रांगेला शिस्त म्हणतो. फारसीतून येताना तो नेम, बंदुकीचा रोख या अर्थानं आला. हिंदीत अजूनही 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणं. कुणावर रोखायचं आणि कुणावरून रोख काढून घ्यायचा, हे कळणं ही सैनिकाची मूळ शिस्त. लढणारा आणि न लढणारा यांत भेद करा, हे युद्धकायद्याचं पहिलं तत्त्व, आणि ते मला या शब्दाच्या जुन्या अर्थात तयार सापडतं.

आता त्या पंचवीस बारगिरांकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

'बार' म्हणजे ओझं, 'गीर' म्हणजे घेणारा. जहागीर, मुलूखगिरी यांतला 'गीर' हाच. फारसीत बारगीर हे आधी ओझ्याच्या जनावराचं नाव, मग दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या स्वाराचं. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, पगारही सरकारचा. म्हणून शिलेदारापेक्षा बारगिरावर सरकारचा ताबा जास्त. सभासदाच्या रचनेत शिलेदारही पागेच्या दिमतीलाच. थोडक्यात, बारगीर हा त्या फौजेतला सगळ्यांत ताब्यातला माणूस.

आणि याच शब्दावरून आलेला बंगालीतला 'बर्गी' म्हणजे काय? दरोडेखोर, जाळपोळ करणारा, ज्याच्या नावानं रडणारं मूल गप्प होतं तो. बंगालमधल्या सर्वांत प्रसिद्ध अंगाईत बर्गी आहे. अडीचशेहून जास्त वर्षं तिथल्या आया ती म्हणत आल्या आहेत. आमच्याकडे बागुलबुवाचं जे काम, ते तिथं आमच्या स्वारानं केलं. फरक इतकाच की बागुलबुवा कधी कुणाच्या गावात आला नव्हता.

ही फौज नागपूरची होती. रघूजी भोसले, सेनासाहेबसुभा, आणि त्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर, ज्यांना आपण भास्करपंत म्हणतो. १७४२मध्ये भास्करपंत बंगालच्या नवाबाच्या, अलीवर्दीखानाच्या, मुलखात उतरले. बर्दवान, मग मुर्शिदाबाद. जगतशेठची कोठी लुटली गेली. काटव्याला तळ पडला. तिथं दुर्गापूजेच्या दिवसांत अलीवर्दीनं छापा घातला आणि फौज हटली. १७४४मध्ये मानकरा इथं तहाच्या बोलणीसाठी बोलावून अलीवर्दीनं भास्करपंत आणि त्यांच्या सरदारांना कापून काढलं. 'कौल' या शब्दाचा मूळ अर्थ वचन, आणि दिलेला कौल मोडणं हा त्या काळीही मोठा अपराध मानत. बंगालच्या त्या दहा वर्षांत अपराध एकाच बाजूनं झाले असं कुणी म्हणू नये. स्वाऱ्या चालू राहिल्या. १७५१च्या तहात ओरिसाचा वसूल आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथाई नागपूरकरांना मिळाली.

आमच्या पाठ्यपुस्तकात ही हकीगत चौथाईच्या त्या आकड्यापाशी संपते. बंगालमध्ये ती तिथं संपत नाही. गंगाराम नावाच्या कवीनं 'महाराष्ट्रपुराण' लिहिलं, काळ तोच, १७५१च्या आसपासचा. नाव वाचून कुणाला वाटेल की आमचं गुणगान असेल. त्यात आहेत पळणारी गावं: पोथ्या घेतलेले ब्राह्मण, आपापली अवजारं-सामान घेतलेले कारागीर, कधी उंबरठा न ओलांडलेल्या बायका. जाळलेली घरं, देवाचे मंडपही. कापलेले हात, नाक, कान. बायकांवर केलेले बलात्कार. 'रुपये द्या' ही एकच मागणी. बर्दवान दरबारचे पंडित वाणेश्वर विद्यालंकार यांनीही त्याच काळात संस्कृतात या फौजेच्या क्रौर्याचं वर्णन केलं. गंगारामानं शेवटच्या स्वारीत दिसेल त्याला मारण्याचा हुकूम भास्करपंतांच्या तोंडी घातला आहे. काव्य आहे, शत्रूच्या मुलखातलं आहे, शब्दशः घेता येणार नाही. पण सगळंच रचलेलं असतं तर तो शब्द इतकी वर्षं अंगाईत टिकला नसता. कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा खंदक'. पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता गेला. शब्द बुजला नाही.

मी नागपूर जिल्ह्यात जन्मलेला माणूस आहे, आणि बंगाली कोशातला हा अर्थ मला लागतो. तो शब्द आमचा आहे. सरकारी घोड्यावर बसलेला, यादीत नाव असलेला, हवालदाराच्या ताब्यातला माणूस सत्तर वर्षांत बागुलबुवा कसा झाला?

उत्तराचा मोठा भाग 'मुलूखगिरी' या शब्दात आहे. फौजेचा खर्च फौजेनंच परमुलखातून काढायचा, ही ती रीत. दसऱ्याला निघताना बिशादीची यादी नाही, वैशाखात झाडा नाही. लूट हाच पगार झाला तर झडती कशाची घ्यायची? सरदारानं पगाराऐवजी परवानगी दिली, की पुढचं सगळं त्या परवानगीतच आलं. चिपळूणच्या पत्रातली भीती स्वतःच्या रयतेबद्दल होती, ती रयत मोगलांकडे जाईल ही. बंगालची रयत कुणाकडे जाईल याची नागपूरला फिकीर नव्हती. पायमल्लीची सूट आपल्या गावाला मिळायची. बर्दवानच्या शेताची नोंद आमच्या कोणत्याच दप्तरात होणार नव्हती.

हीच रीत आणखी पुढे गेल्यावर पेंढारी आले. शब्दाच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. कुणी पेंढ्याशी जोडतात, कंपनीचा अधिकारी मॅल्कम यानं एका मादक पेयाशी जोडला. ते मराठी फौजांच्या मागून बिनपगारी चालत, लुटीवर जगत, आणि लुटायच्या मुभेबद्दल सरदारांकडे पालपट्टी नावाचा कर भरत. लुटीवर कर! सरदाराच्या जमाखर्चात अत्याचार जमेच्या बाजूला येऊन बसला, याहून उघड कबुली कोणती असेल?

आणि मग ती फौज आमच्याच दारात आली. डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. आज नरखेड तालुक्यातल्या मोवाडला उभं राहून पलीकडे वरुडच्या बाजूला पाहिलं तर दिसतो तो त्या वेळचा परमुलूख. भोसल्यांचा खजिना आटला, आणि त्यानंतरची चौदा-पंधरा वर्षं पेंढाऱ्यांनी हा प्रदेश पिंजून काढला. १८११मध्ये ते थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराचा एक भाग जाळून गेले. खेड्याखेड्यांतल्या गढ्या बऱ्याच या काळातल्या, असं इंग्रजी गॅझेटियर सांगतं. पेंढारी आले की कुणबी गढीत शिरायचा आणि जिवासाठी लढायचा. बाहेरचं सगळं गेलंच असं धरून. आमच्या भागात गढी म्हटलं की आता ढासळलेला पांढऱ्या मातीचा ढीग डोळ्यांसमोर येतो. घर सारवायला लोक तिथली माती नेतात. कुणाचा तरी वाडा असणार, एवढंच मुलांना सांगितलं जातं. बंगालची आई बर्गीचं नाव घेत होती, त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी नागपूरची आई पोराला कडेवर घेऊन गढीकडे पळत होती. गढीच्या भिंतीआड बसून परमुलखातली रयत कशी असते हे आम्हाला कळलं.

त्या काळाचे शब्द मात्र आम्ही विसरून गेलो, किंवा धुऊन वापरले. 'धामधूम' जुन्या पत्रांत सर्रास लढाईची, पळापळीची. आज ती लग्नाची असते. 'गर्दी' म्हणजे दंगल, कत्तल, राज्य बुडवणारा गोंधळ. आज बसस्टँडवर असते. दुःखाचे शब्द असे सुखाच्या घरी नांदायला गेले याचं मला वाईट वाटत नाही. फक्त जुनी पत्रं वाचताना अर्थाची ही उलथापालथ माहीत नसेल, तर माणूस पळापळीच्या जागी वाजंत्री ऐकतो.

गर्दीला लागूनच ऐकू येणारा, पण वेगळ्या कुळातला शब्द 'गारदी'. युरोपीय 'गार्ड'वरून आलेला. कवायती पायदळाचे हे शिपाई. ३० ऑगस्ट १७७३ला त्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं. 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. 'ध चा मा' हा वाक्प्रचारच झाला. अक्षर कुणी बदललं यावर चर्चा खूप झाली. मला रामशास्त्री प्रभुण्यांनी काय केलं ते महत्त्वाचं वाटतं. ते अक्षरापाशी अडकले नाहीत. तलवार गारद्यांनी चालवली, तरी प्रायश्चित्त विचारणाऱ्या राघोबादादांनाच देहान्ताचं प्रायश्चित्त सांगितलं, अशी परंपरा आहे. गारद्यांना धरायला सोडणारा माणूस, ते गारदी काय करू शकतात हे ओळखून असलाच पाहिजे. आज त्याच 'गार्ड' शब्दाचं मानाचं रूप आमच्या शेजारी, कामठीला आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र तिथं आहे.

'हुकूम' या शब्दाचं मूळही तपासण्याजोगं. अरबी धातू ह-क-म. त्याच धातूचे हकीम आणि हाकीम. हुकमाचा पहिला अर्थ निवाडा, विचार करून दिलेला निर्णय. 'आम्ही हुकमाचे ताबेदार' म्हणून हात झटकणाऱ्याला हुकमातला निवाडा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गच्या तत्त्वांनी ठरवलं की वरून हुकूम होता एवढ्यानं सुटका नाही, नैतिक निवड करणं शक्य होतं का ते पाहिलं जाईल. आणि वरच्याचं काय? फिलिपिन्समधल्या जपानी फौजेचा सेनापती यामाशिता याच्यावर १९४५मध्ये मनिलात खटला चालला. स्वतः हुकूम दिल्याचा नव्हे, फौजेला आवरलं नाही याचा ठपका होता. २३ फेब्रुवारी १९४६ला त्याला फाशी दिलं. त्या निकालावर कायदेपंडितांत मतभेद आहेत, कारण त्याची संपर्कव्यवस्था तुटलेली होती. त्यातून पुढे जी कसोटी घडत गेली ती १९७७च्या जिनिव्हा पुरवणी करारात आणि १९९८च्या रोम करारात आली. रोम करारातला लष्करी सेनापतीविषयीचा भाग सोप्या शब्दांत असा: त्याला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, आणि त्यानं हाती असलेले उपाय केले नाहीत, तर अपराध त्याचाही. भारत या दोन करारांत सामील नाही. १९४९च्या जिनिव्हा करारांत आहे, आणि त्यांसाठी आपला १९६०चा कायदाही आहे. हे करार सैनिकांना शिकवायचे, हे बंधन त्या करारांतच घातलेलं आहे.

शिकवायचे तर कोणत्या मराठीत? या तत्त्वाला 'आदेशात्मक उत्तरदायित्व' असं काहीतरी नाव छापलेलं दिसतं. ते वाचून नरखेडचा, काटोलचा कोणता जवान थांबेल? पायदळाच्या दहा जणांच्या सेक्शनवर आजही बहुधा हवालदारच असतो, पंचवीस बारगिरांवर होता तसा. त्याला समजेल असा शब्द आपल्याकडे तीनशे वर्षांपासून आहे. मी या तत्त्वाला 'झाड्याची जबाबदारी' म्हणेन. 'ठाऊक असायला हवं होतं' या कसोटीचा सगळा भार त्या शब्दात आहे. निघताना यादी करणाऱ्या आणि परतल्यावर झाडा घेणाऱ्या सरदाराला 'मला कळलंच नाही' म्हणता येत नाही. आणि ज्यानं झाडा घेतलाच नाही, त्याला विचारायचा पहिला प्रश्न तोच: का घेतला नाहीस?